पाच एचपी म्हणजे नेमके किती?

महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की जिल्ह्यात मोटारी आणि पंप बदलण्याची लगबग सुरू होते. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पाचची देऊ की साडेसातची?' पाणी किती उंच न्यायचे आहे आणि सेकंदाला किती लिटर हवे आहे, हे बहुतेक वेळा ना दुकानदार विचारतो, ना शेतकरी सांगतो. जाहिरातींतही ठळक अक्षरांत एचपीच असते. ही अश्वशक्ती मोजते काय, हे समजून न घेतल्यामुळे मोटारी जळतात, म्हणून हे पत्र.

हा शब्द वाफेचे इंजिन विकताना घडला. एक इंजिन किती घोड्यांचे काम करील, हा हिशेब इंग्लंडमध्ये थॉमस सेव्हरीने १७०२ मध्ये मांडला होता. पक्का आकडा दिला तो जेम्स वॉटने, १७८० च्या दशकात. २४ फूट व्यासाच्या रिंगणात तासाला १४४ फेरे मारणारा गिरणीचा घोडा १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे त्याने धरले. त्याचा गुणाकार मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतो. तो ३३,००० वर पूर्ण केला गेला. सामान्य घोडा दिवसभर एवढे काम करू शकत नाही, तरी आकडा रूढ झाला. आजच्या मापात तो ७४६ वॅट. युरोपातली मेट्रिक अश्वशक्ती किंचित लहान, ७३५.५ वॅट. सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणे, ही तिची व्याख्या. बॉयलरची अश्वशक्ती निराळीच, तासाला साडेचौतीस पौंड उकळत्या पाण्याची वाफ करणे, म्हणजे सुमारे ९.८ किलोवॅट. ट्रॅक्टरवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. अवजारे फिरवणाऱ्या मागच्या, म्हणजे पीटीओच्या, दांड्यावर त्याहून कमी मिळते आणि माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर त्या दांड्यावर चालतो.

आपल्या विहिरींवर पूर्वी चालणाऱ्या मोटेलाही हाच हिशेब लागू पडतो. १५० लिटरची मोट ३० फुटांवरून दीड मिनिटाला एक खेप करी असे धरले, तर थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याची शक्ती एक पंचमांश एचपी भरते.

मेट्रिक व्याख्येतला ७५ हा आकडा पंपासाठी फार कामाचा आहे. सेकंदाला लागणारे लिटर गुणिले एकूण हेड (पाणी चढवण्याची उंची, पाइपमधले घर्षण धरून) मीटरमध्ये, भागिले ७५. ही झाली पाण्याची एचपी. समजा २४ मीटर हेडवर सेकंदाला ६ लिटर हवे आहेत. १४४ भागिले ७५, म्हणजे १.९२. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर दांड्यावर ३.८४ एचपी लागते, तेव्हा पाचची मोटर पुरेशी होते. याच हेडवर १० लिटर हवे असतील तर ६.४ एचपी येते आणि साडेसातची मोटर लागते. एकूण हेड म्हणजे नुसती उंची नव्हे. पाइपमधले घर्षण त्यात मिळवावे लागते. आतला व्यास ७५ मिलिमीटरवरून ६३ वर आणला की तेवढ्याच पाण्याला घर्षण दुपटीहून जास्त होते. सक्शनची उंची, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची, सहा-सात मीटरच्या आत हवी. उन्हाळ्यात कृष्णेचे पाणी उतरले की काठावरच्या पंपांची हीच अडचण होते आणि तिथे मोटर मोठी करून उपयोग नसतो, पंप खाली घ्यावा लागतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज उलट्या दिशेचा आहे. हेड कमी असले की मोटरीवर ताण कमी पडतो, असे वाटते. आपल्याकडच्या नेहमीच्या सेंट्रिफ्युगल (चाक फिरवून पाणी फेकणाऱ्या) पंपात उलटेच घडते. ४० मीटरसाठी बनवलेला पंप १५ मीटरवर चालवला की तो भरमसाट पाणी फेकतो आणि ॲम्पिअर चढतात. डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या पाइपचा, व्हॉल्व्ह थोडा आवळून पाहा, ॲम्पिअरचा काटा खाली येताना दिसेल.

मोटरच्या नेमप्लेटवरची ५ एचपी, म्हणजे ३.७ किलोवॅट, ही दांड्यावर मिळणारी शक्ती असते. कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर पूर्ण भाराला मीटरवर तासाला सुमारे ४.३५ युनिट पडतात. ४१५ व्होल्टला अशी मोटर सात-साडेसात ॲम्पिअर घेते. व्होल्टेज ३५० वर आले की तेवढ्याच कामाला साडेआठ-नऊ. प्रवाह वाढला की मोटर बंद करणारा रिले नेमप्लेटच्या ॲम्पिअरवर लावलेला असेल तर तो ट्रिप होतो, आणि मग वैतागून त्याचा आकडा वाढवला जातो. तिथून वाइंडिंगची (मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीची) राख व्हायला वेळ लागत नाही. मोटर आधी कमी आणि मग पूर्ण व्होल्टेजवर नेणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा फेजच्या, म्हणजे मोटरच्या गुंडाळीतल्या, प्रवाहावर असतो. तो लाइनच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तारेतल्या प्रवाहाच्या, ५८ टक्क्यांवर लावायचा. १० एचपीची मोटर १४ ॲम्पिअर घेत असेल, तर रिले ८ वर हवा. तो १४ वर ठेवला तर असून नसल्यासारखा.

किर्लोस्करवाडीसारखे पंपांचे गाव याच जिल्ह्यात आहे. इथल्या दुकानांत तरी कोटेशनवर एचपीच्या आधी हेड आणि डिस्चार्ज (सेकंदाला मिळणारे लिटर) लिहिले जावेत. आपल्या शेतीच्या पानावर पंपाची माहिती किंवा जाहिरात छापताना हे दोन आकडे आणि किलोवॅट जरूर मागून घ्यावेत, ही विनंती.

– एक वाचक, सांगली