अळमी खा, पण रोयण राखा

संपादक महाशय,

पावसाळा आला की गोव्यातल्या फोंडा-वाळपई रस्त्याच्या कडेला सागाच्या पानांत बांधलेली अळमी (रानातली अळंबी) दिसू लागतात आणि सोबत मोबाईलवर 'अँटिऑक्सिडंटचा खजिना' असे संदेशही. त्यात तथ्य आहे. अळंब्यांत एर्गोथायोनीन नावाचे, अँटिऑक्सिडंट गुणाचे अमिनो आम्ल असते. ते आपले शरीर तयार करू शकत नाही, अन्नातूनच मिळते. पण ते पेशींत पोचवणारा खास वाहक आपल्या शरीरात आहे, हे 2005 साली उघड झाले. शिवाय उष्णतेने ते सहज नष्ट होत नाही, त्यामुळे शागोती किंवा तोणाक अशी रस्साभाजी केली तरी फायदा बुडत नाही. मात्र प्रयोगशाळेतल्या परीक्षणावरून 'कर्करोग बरा होतो' म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

मला खरी काळजी आहे ती रोयणींची, म्हणजे वाळवीच्या वारुळांची. ही अळमी त्यांच्यावरच उगवतात, अळम्यांची व्यापारी लागवड होत नाही. भाव चांगला मिळतो म्हणून छत्री उघडण्याआधीच कळ्या खुडल्या जातात. मग बीजाणू पडणार कधी? कृपया घेताना उमललेली अळमी मागा, खुडणाऱ्यांनीही प्रत्येक रोयणीवर थोडी सोडावीत. एर्गोथायोनीनच हवे असेल तर भाताच्या पेंढ्यावर वाढणारी धिंगरी (ऑयस्टर) अळंबी त्यात चांगलीच समृद्ध आहे आणि ती वर्षभर घेता येते. वन खात्याने निदान अभयारण्यांतल्या रोयणींवर तरी पावसाळ्यात लक्ष ठेवावे.

– एक वाचक, फोंडा