दार मी उघडलं होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरून काम करण्याविषयी आपल्या रविवारच्या पानावर आलेला मजकूर वाचला. घरबसल्या ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता येतो, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, हे सगळं त्यात होतं. त्यासाठी ऑफिसला बाहेरून आत यायला एक दार ठेवावं लागतं आणि ते दार कसं असावं, हे मात्र नव्हतं. मी १९९८ पासून सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि ऑफिसांत नेटवर्क टाकण्याचं काम करतो. शिक्षण डिप्लोमा. तेव्हा पुढचं लिहिलेलं पुस्तकातलं कमी आणि टेबलाखाली वाकून बघितलेलं जास्त आहे.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून टाळेबंदी. त्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. प्रत्येकाचं एकच म्हणणं, ‘घरून टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडलं पाहिजे, काहीही करा.’ काही ठिकाणी मी स्वतः जाऊन आलो, काही ठिकाणी मालकाला फोनवर एकेक बटण सांगितलं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे लांबून तो कॉम्प्युटर चालवायची, सोय आयतीच असते. तिचा ठरलेला पोर्ट, म्हणजे आत येण्याच्या दाराचा नंबर, ३३८९. राउटरमध्ये जाऊन ‘बाहेरून ३३८९ वर जो येईल त्याला सरळ या कॉम्प्युटरकडे पाठव’ एवढं लिहायचं. दहा मिनिटांचं काम, पाचशे रुपये. अशी अकरा ऑफिसं मी त्या तीन महिन्यांत ‘चालू’ करून दिली. लोकांनी दुवा दिला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्यातलं एक ऑफिस हिशेब आणि ऑडिटचं. २०१९ च्या पुरात त्यांच्या तळमजल्यावरच्या फायलींचा लगदा झाला होता. तेव्हापासून साहेबांनी सगळं स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतलं. कागद भिजतो, कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर ठेवला की भिजत नाही, हा हिशेब बरोबरच होता.

२५ सप्टेंबर २०२३, सोमवार. गणपती बसलेले, ऑडिट रिपोर्टची मुदत ३० तारखेला. सकाळी साडेनऊला फोन आला, ‘फायली उघडत नाहीत.’ जाऊन बघतो तर प्रत्येक फायलीच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी : पैसे बिटकॉइनमध्ये भरा, मग किल्ली देऊ. बॅकअपची हार्डडिस्क त्याच कॉम्प्युटरला कायमची जोडलेली, त्यामुळे तीही गेली. विंडोजच्या नोंदवहीत जेवढं शिल्लक होतं तेवढं वाचलं. दर काही सेकंदांनी कोणीतरी दार ठोठावत होतं. नावं अॅडमिन, टेस्ट, टॅली, युझर१, मग आपल्याकडची मुलींची नावं. रविवारी पहाटे त्यातलं एक नाव लागलं. पासवर्ड होता तेच नाव आणि पुढे १२३.

ते नाव होतं मिरजेहून येणाऱ्या, नुकतीच बी.कॉम. झालेल्या मुलीचं. तिच्या पासवर्डवरून चोर आत आला म्हणून सगळं तिच्यावर शेकलं. साहेब ओरडले, इतरांनी तोंडं फिरवली, दिवाळीच्या आधी तिनं नोकरी सोडली. आता मुद्द्याचं सांगतो. तो पासवर्ड तिनं ठेवलेला नव्हता. ती कामाला लागली तेव्हा फोनवर तिचं खातं उघडून देताना मीच तो ठेवला आणि ‘नंतर बदला’ म्हणालो. कसा बदलायचा ते सांगितलं नाही. आणि ३३८९ चं दार तर तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. हे मी त्या खोलीत तेव्हा बोललो नाही. म्हणून हे पत्र.

आणखी एक. एका विंडोज प्रोवर एका वेळी एकालाच काम करता येतं. तिघांना एकदम बसता यावं म्हणून तिथं कोणीतरी एक ‘पॅच’, म्हणजे विंडोजमध्ये परस्पर फेरफार करणारा प्रोग्रॅम, टाकला होता. विंडोज अपडेट झालं की तो पॅच मोडतो, म्हणून अपडेटच बंद करून ठेवलेलं! पॅच माझा नव्हता, पण मी तो बघितला आणि गप्प बसलो. मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं रिमोट डेस्कटॉपमधल्या ‘ब्लूकीप’ नावाच्या, चोराला आत येऊ देणाऱ्या भोकासाठी पार जुन्या विंडोज एक्सपीलासुद्धा अपडेटचं ठिगळ दिलं होतं, इतकं ते गंभीर होतं. आणि आपण अपडेट बंद करून बसतो.

मग करायचं काय? आमच्या आजोळच्या वाड्याला देवडी होती. बाहेरचा माणूस थेट माजघरात यायचा नाही. देवडीवर थांबायचा, कोण, कुणाकडे, हे सांगायचा, मग त्याला तेवढ्याच खोलीपर्यंत सोडायचे. गेटवे सर्व्हर म्हणजे ही देवडी. मायक्रोसॉफ्टनं विंडोज सर्व्हर २००८ मध्ये ती पहिल्यांदा दिली. बाहेर फक्त ४४३ हा पोर्ट दिसतो, ज्यावरून बँकेच्या वेबसाइट चालतात तोच. गेटवेवर दोन याद्या असतात : आत कोणी यायचं आणि आल्यावर कोणत्या कॉम्प्युटरपर्यंत जायचं. ऑफिसातले कॉम्प्युटर इंटरनेटवरून दिसतच नाहीत. पासवर्डनंतर मोबाइलवरच्या अॅपवर ‘हो’ म्हटल्याशिवाय आत न सोडण्याची सोयही करता येते. ती असती तर नाव आणि १२३ ओळखूनही चोर देवडीवरच अडला असता.

सर्व्हरचा परवाना छोट्या ऑफिसला महाग पडतो, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी अपाची ग्वाकामोले नावाचा फुकट गेटवे आहे (नाव एका मेक्सिकन चटणीचं आहे, हसू नका). तो लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टीम) चालतो, घरून नुसत्या ब्राउझरमध्ये ऑफिसचा पडदा दिसतो, आणि पासवर्डनंतर मोबाइलवरच्या अॅपमधला सहा आकडी कोड मागायची सोय त्यात आहे. मी तो एका अडगळीतल्या कॉम्प्युटरवर बसवला आहे. दोन वर्षं झाली, चालू आहे.

कटकटी आहेतच. वेबसाइटसारखं गेटवेलाही लागणारं सुरक्षिततेचं फुकट प्रमाणपत्र नव्वद दिवसांनी संपतं. त्याचं आपोआप नूतनीकरण मी नीट लावलं नव्हतं, तेव्हा एका सकाळी कोणालाच आत जाता येईना. वीज जाऊन आली की ऑफिसचा कॉम्प्युटर बंदच राहतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडला तर शिपायाला पळवावं लागत नाही. आणि गेटवे बसवला म्हणजे सुटलो असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या गेटवेतच भोकं सापडली होती. देवडीवरचा माणूस झोपला तर देवडीचा काय उपयोग? अपडेट करत राहावंच लागतं.

‘पोर्टचा आकडा बदलला की झालं’ असं माझेच धंदेबंधू सांगतात. पासष्ट हजारांवर पोर्ट आहेत खरे, पण ते चाचपायला माणूस लागत नाही, प्रोग्रॅम रात्रभर तेच करत असतो.

त्या ऑफिसनं पैसे भरले नाहीत. साहेबांच्या घरी जुलैमधला एक पेनड्राइव्ह निघाला, विक्रीची विवरणं जीएसटी पोर्टलवरून उतरवली, पाच रात्री जागून बाकीच्या नोंदी पुन्हा टाकल्या. दोन क्लायंटचे रिपोर्ट मुदतीत गेले नाहीत. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था) कळवायचा असतो. आम्ही कोणीच कळवलं नाही. साहेबांना अब्रूची भीती, मला धंद्याची.

अकरांपैकी नऊ ऑफिसांतली ती दारं मी नंतर स्वतः जाऊन बंद केली. दोघांचे नंबर बदललेत, जुन्या पत्त्यावर कोणी नाही. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ या पानावर जाऊन ३३८९ ची ओळ पुसून टाका. जमत नसेल तर माझ्या दुकानात या. पाचशे रुपये तेव्हाच घेतले होते, आता घेणार नाही.

त्या मुलीलाही मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘काका, हे तेव्हा साहेबांसमोर बोलला असतात तर.’

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, सांगली
(त्या ऑफिसची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये ही विनंती.)