येशू, यिडिश आणि तो चिडका पान व्हियाडोम्स्की

प्रिय मन्या,

सध्या काय वाचतोयस विचारलंस ना, तर शोलेम ॲशची 'द नाझरीन'. जाडजूड आहे, मध्ये मध्ये दमवते पण सोडवत नाही. हा पोलंडमधल्या कुत्नोचा ज्यू, जन्म १८८०, लिहायचा यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, आणि कादंबरी कोणावर तर येशूवर! चर्चमधला येशू नाही हं, रब्बी (ज्यू धर्मगुरू) येशुआ बेन योसेफ, पक्का ज्यू.

आणि गोष्ट सांगतो कोण माहितीये? १९३० च्या दशकातल्या वॉर्सामधला पान व्हियाडोम्स्की ('पान' म्हणजे पोलिशमध्ये 'श्रीयुत') नावाचा विद्वान, ज्यूंचा कट्टर द्वेष्टा, आणि त्याला वाटतं की आपण मागच्या जन्मी पिलातच्या, म्हणजे येशूला सुळावर चढवणाऱ्या रोमन सुभेदाराच्या, हाताखाली जेरुसलेममध्ये रोमन अधिकारी होतो. त्याच्या मदतीला येणारा तरुण नेमका ज्यू. दुसऱ्या भागात येशूला दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याची जुनी पोथी, तिसऱ्यात तो तरुणच आपला मागचा जन्म आठवून बोलायला लागतो, येशूच्या काळातल्या निकोदेमस या ज्यू पंडिताचा शिष्य म्हणून. म्हणजे बघ, आपल्याकडे कर्णाबिर्णावर कादंबरी म्हटलं की बहुतेक तो स्वतःच आपलं दुःख सांगत बसतो, इथे येशू एकदाही 'मी' म्हणून बोलत नाही, शत्रू, फितूर आणि एक पोरगा यांच्याच नजरेतून दिसतो. मला तर व्हियाडोम्स्कीचा भागच सगळ्यात आवडला, द्वेष करता करता तो येशूकडे बघतच राहतो यार.

आता छापायची भानगड ऐक. न्यूयॉर्कच्या 'फोरव्हर्ट्स' या यिडिश पेपरात ॲश वर्षानुवर्षं लिहायचा, पण संपादक अब्राहम काहानने हे छापायला साफ नकार दिला आणि वर त्याच्याविरुद्ध मोहीमच उघडली, ॲश ज्यूंना ख्रिस्ती करायला निघालाय म्हणे! त्यामुळे १९३९ मध्ये आधी इंग्रजी भाषांतर आलं, मॉरिस सॅम्युएलने केलेलं, आणि मूळ यिडिश पुस्तक १९४३ मध्ये. साल बघ ना, तिकडे युरोपात यिडिश बोलणारी माणसं मारली जात होती. काहानचा राग मला कळतो, अशा वेळी येशूचं नावसुद्धा जखमेवर मीठ वाटणार, पण पुस्तक वाचल्यावर आरोप पटत नाही. उलट ॲश म्हणतोय की ज्याच्या नावाने आम्हाला छळता तो आमच्याच घरातला.

पुढे त्याने बायबलमधले पौल, मेरी, मोझेस आणि शेवटी संदेष्टा यशया, सगळ्यांवर लिहिलं. 'मोझेस' (१९५१) मी अर्धी वाचून ठेवली, फार प्रवचनी वाटली. तुला नाझरीनच पाठवतो, पण पहिली पन्नासेक पानं धीर धर, आणि वहिनींच्या हाती आधी लागू देऊ नकोस, तुझ्यापर्यंत पोचणार नाही.

तुझा,
अव्या