न्यायाधीश काय बोलले, याचीही नक्कल मिळावी

मा. संपादक,

न्यायाधीश साक्षीदारावर खेकसले, एका बाजूला बोलूच दिले नाही, पक्षकार महिलेला टोमणा मारला, अशा तक्रारी वकिलांच्या बार रूममध्ये नेहमी कानावर येतात. कागदावर फार थोड्या उतरतात आणि उतरलेल्याही टिकत नाहीत. कारण अर्जाची निम्मी पाने ‘निकाल चुकीचा’ हे सांगण्यात जातात. चुकीच्या निकालावर उपाय अपिलाचा; शिस्तीची चौकशी होते ती वर्तनाची. दोन्हींची खिचडी केली की अर्ज दप्तरी दाखल होतो.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर राज्यघटनेच्या कलम २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. म्हणून तक्रार मंत्रालयात नव्हे, उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे, प्रतिज्ञापत्रासह द्यावी. न्यायालयाच्या अवमानाच्या भीतीने अनेक जण गप्प बसतात. पण १९७१च्या अवमान कायद्याचे कलम ६ नेमके यासाठीच आहे: कनिष्ठ न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेली तक्रार अवमान ठरत नाही. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरवला, तर हे संरक्षण मिळत नाही.

खरी अडचण पुराव्याची. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारखेवार नोंदवहीत, ‘उभय पक्षांचे वकील हजर, उलटतपास अपूर्ण, पुढील तारीख’ एवढेच येते. कोर्टाच्या तोंडचे शब्द येत नाहीत. त्यासाठी त्याच दिवशी प्रकरणातच छोटा अर्ज द्यावा. त्यात वेळ, नेमके शब्द आणि ते ऐकणारे कोण, एवढेच लिहावे, विशेषणे नकोत. त्या अर्जाला निशाणी क्रमांक (प्रकरणातील कागदाचा नोंद क्रमांक) पडला की नक्कल काढून ठेवावी. पक्षपाताची रास्त भीती असेल तर प्रकरण दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज (दिवाणी प्रक्रिया संहिता कलम २४, फौजदारीत सत्र न्यायाधीशांकडे, नागरिक सुरक्षा संहिता कलम ४४८) निकालाआधी करावा. निकाल विरुद्ध गेल्यावर आठवलेला पक्षपात कोणी ऐकून घेत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींच्या शेरेबाजीची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्यांनी भर न्यायालयात खेद व्यक्त केला. हे घडले, कारण सुनावणीचे चित्रीकरण लोकांसमोर होते. तालुक्याच्या पक्षकाराकडे असते फक्त स्वतःच्या वकिलाची आठवण, आणि त्या वकिलाला उद्या त्याच कोर्टात उभे राहायचे असते.

प्रत्येक न्यायालयात सुनावणीचे ध्वनिमुद्रण व्हावे, अपिलाची मुदत संपेपर्यंत ते जपावे आणि रोजनाम्यासारखीच त्याची नक्कल मिळावी. तक्रारीचे काय झाले, हेही तक्रारदाराला लेखी कळवावे.

– जिल्हा न्यायालयातील एक वकील