ओले की सुके?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अथणी, सौंदत्ती, रामदुर्गकडच्या माळावर ‘एकरी इतके टन झुडूप’ असा आकडा कोणी सांगितला, की आधी विचारावे: ओले की सुके? तीच तरवड श्रावणात आणि चैत्रात तोलली तर वजन निराळे भरते. हिशेब सुक्याचाच धरावा.

माळ, उतार आणि ओढ्याकाठ नकाशावर वेगळे करून, मोजणीसाठी नमुना म्हणून आखायच्या चौकोनांच्या जागा घरीच चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. जागेवर ठरवल्या की पाय गाडीवाटेकडे वळतात आणि दाटी बघून दोरी पडते. चौकोन ५ बाय ५ मीटरचा, कर्ण ७.०७ मीटर भरला तर चौकोन, नाहीतर शंकरपाळी. उतारावर दोरी आडवी, पाणसळीत धरावी. बुंधा आत असेल तरच झुडूप आत, फांद्या कुठेही पसरोत. नुसते कुसळ निघाले तर तिथे शून्य लिहावे. असे चौकोन ‘वाया गेले’ म्हणून गाळले, की एकरी आकडा फुगलाच.

आतल्या प्रत्येक झुडपाचा सगळ्यात लांब व्यास, त्याला काटकोनातला व्यास आणि उंची मोजायची. मग चौकोनांबाहेर त्याच जातीची लहान-मोठी २५-३० झुडपे जमिनीलगत तोडून तोलायची आणि मापांवरून सुके वजन सांगणारे सूत्र बसवायचे. काट्यांना भिऊन थोराड झुडपे टाळली तर सूत्र नेमके तिथेच फसते, आणि बहुतेक वजन तर त्यांच्यातच असते. लॉगरिदममध्ये बसवलेले सूत्र परत किलोत आणताना दुरुस्ती-गुणक (लॉगरिदममुळे येणारी तूट भरून काढणारा आकडा) लावला नाही, तर उत्तर कमी येते.

खरी गफलत तोलताना होते. समजा, झुडूप ओले ४.२ किलो. त्यातला ५०० ग्रॅम नमुना भट्टीत वाळून २३० ग्रॅम उरला: ४६ टक्के, म्हणजे सुके वजन १.९३ किलो. तोच नमुना आधी न तोलता उघड्या पोत्यात घालून तालुक्याला नेला आणि वाटेत ४० ग्रॅम पाणी उडाले, तर ओले वजन ४६० लिहिले जाते, प्रमाण ५० टक्के होते आणि झुडूप २.१ किलोचे ठरते. जवळजवळ ९ टक्के चूक, तीही प्रत्येक झुडपात एकाच बाजूला! म्हणून नमुना तोडल्या जागीच तोलावा. दव असताना तोडूच नये. पाला आणि लाकूड वेगळे वाळवावे: पाला ७० अंशांवर, लाकूड १०५ अंशांवर, लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत.

खानापूरच्या पावसातल्या करवंदीचे सूत्र अथणीच्या तरवडीला लावणे तर सोडूनच द्यावे. तरीही लावतात, कारण ते तयार असते.

आपल्या सीमाभागाची आणखी एक अडचण. एक गडी कागदावर ‘वेडी बाभूळ’ लिहितो, दुसरा ‘बळ्ळारी जाली’. तरवडीचीही कुठे ‘आवरिके’ होते. झाड एकच, पण तक्त्यात ओळी दोन, आणि सूत्रासाठी लागणारी ३० झुडपे १५-१५ अशी वाटली जातात. नोंदवहीत शास्त्रीय नावाचा रकाना पहिला ठेवावा. मराठी-कानडी नावे त्याच्या पुढे, दोन्ही.

आपले,
झुडूप-मोजणीचे दोन अभ्यासक, चिकोडी