चेंजर काढा, पण गाडीचं वायरिंग कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत जुन्या गाडीला नवी म्युझिक सिस्टीम बसवण्याबद्दलचा लेख वाचला. टचस्क्रीन, अँड्रॉइड, रिव्हर्स कॅमेरा असं सगळं त्यात होतं. पण ज्यांच्या गाडीतला कंपनीचा रेडिओ अजून ठणठणीत आहे आणि डिकीतल्या सीडी चेंजरने, म्हणजे पाच-सहा सीड्या पोटात ठेवून हवी ती वाजवणाऱ्या यंत्राने, तेवढी मान टाकली आहे, त्यांच्यासाठी त्यात एक ओळही नव्हती. २००० ते २०१० च्या दरम्यान घेतलेल्या, आरटीओत फेरनोंदणी करून जपलेल्या गाड्या नागपुरात आजही दिसतात. त्यांच्या मालकांना दुकानात एकच सल्ला मिळतो : सगळं काढा, नवीन लावा. हा सल्ला गाडीच्या आणि खिशाच्या, दोघांच्याही मुळावर येतो, म्हणून हे पत्र.

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ. त्रिमूर्ती नगरात राहतो. माझी गाडी २००५ सालची. डॅशबोर्डवर साधा रेडिओ आणि डिकीत डाव्या अंगाला, कार्पेटच्या पॅनेलमागे, सहा सीड्यांचा चेंजर. गेल्या उन्हाळ्यात तो अडकला. मॅगझिन, म्हणजे सीड्या ठेवायची सरकती पेटी, आत घ्यायचा, घर्रघर्र करायचा आणि तसंच बाहेर ढकलायचा. उघडून पाहिला तर सरकत्या पट्ट्यांवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं आणि लेसरच्या भिंगावर धुळीचा पातळ थर. चेंजर ही मुळातच नाजूक यंत्रणा. एक मोटर हवा तो ट्रे ओढते, दुसरी लेसरला वरखाली नेते, तिसरी चकती फिरवते. वर्धा रोडच्या कामात वर्षानुवर्षं धूळ खाल्लेली, मे महिन्यात ४५ अंशांत उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर डिकीतल्या ग्रीसचं काय होणार? इतकी वर्षं तो चालला हेच खूप.

शहरातल्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने गाडीत डोकावून लगेच निकाल दिला, ‘‘काकाजी, ह्या डब्ब्याले आता कोणी विचारत नाही. काढून टाकू न? मोठी स्क्रीन लावून देतो, यूट्यूब बी दिसते.’’ मी विचारलं, ‘‘वायर कापशील का?’’ तो म्हणाला, ‘‘कापाच लागते काकाजी, त्याबिगर बसत नाही.’’ भाव सांगितला अठरा हजार. मी गाडी घेऊन घरी आलो.

कापावं लागतच नाही. ही गोष्ट गाडीवाल्यांना कोणी सांगत नाही आणि दुकानातल्या पोरांना कोणी शिकवत नाही. कंपनीच्या रेडिओमागे प्लग असतात. पिवळी तार बॅटरीची, लाल तार चावीसोबत चालू होणारी, काळी अर्थिंगची, आणि स्पीकरच्या तारांच्या जोड्या पांढऱ्या, राखाडी, हिरव्या, जांभळ्या, हा रंगांचा रिवाज बाजारात सुट्या मिळणाऱ्या रेडिओंचा. कंपनीच्या गाडीत तो पाळलेला असेलच असं नाही, आणि अंदाजाने कापणारा इथेच फसतो. या प्लगांना जुळणारे अडॅप्टर बाजारात मिळतात. एका बाजूने गाडीचा प्लग, दुसऱ्या बाजूने नव्या रेडिओचा. ज्याला स्क्रीन लावायचीच आहे त्याने ती अडॅप्टरवर लावावी, उद्या जुना रेडिओ परत बसवायचा झाला तर पाच मिनिटांचं काम उरतं.

पण माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. रेडिओ बदलायचीच गरज नाही. बदलायचा तो फक्त चेंजर, आणि त्याच्या जागी बसवायचा काड्यापेटीएवढा डिजिटल प्लेअर. त्याला पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लागतं. रेडिओमागे चेंजरसाठी बहुधा वेगळं सॉकेट असतं. माझ्या रेडिओत पिवळा, हिरवा, निळा असे तीन छोटे प्लग शेजारी शेजारी आहेत, त्यातला निळा चेंजरचा. नवी डबी या निळ्या जागेत जाते.

हे काम कसं चालतं ते थोडं समजावून सांगतो, कारण पुष्कळांची फसगत इथेच होते. चेंजरच्या केबलमधून आवाज तर येतोच, पण त्याशिवाय एक बोलणंही चालू असतं. आपण सीडीचं बटण दाबलं की रेडिओ विचारतो, चेंजर आहे का? चेंजर उत्तर देतो, आहे, सहा चकत्या आहेत, पहिलीचं तिसरं गाणं चालू आहे, एक मिनिट दहा सेकंद झाले. हे उत्तर येत राहिलं तरच रेडिओ आवाजाची वाट उघडतो. म्हणून नुसत्या आवाजाच्या दोन तारा त्या सॉकेटला जोडून मोबाइल लावला तर काहीच ऐकू येत नाही, आणि मिस्त्री म्हणतो रेडिओ खराब आहे. रेडिओ खराब नसतो, त्याला उत्तर मिळालेलं नसतं. नवी डबी म्हणजे चेंजरचं सोंग घेतलेला बहुरूपी. रेडिओने काही विचारलं की हा चेंजरच्या भाषेत हजेरी देतो आणि मागून मेमरी कार्डावरचं गाणं सोडतो. रेडिओला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

माझ्या रेडिओची ही डबी ऑनलाइन तीन हजारांच्या आत आली. मागवताना गाडीचं मॉडेल, साल, आणि विशेषतः रेडिओवर छापलेला नंबर व मागच्या सॉकेटचा आकार पाहून घ्यावा लागतो, कारण प्रत्येक कंपनीची चेंजरची भाषा वेगळी. रेडिओ बाहेर काढायला पुढच्या फटींत घालायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे चाव्या, मिळतात. स्क्रूड्रायव्हर खुपसून चौकट फोडू नये. दुसरी सावधगिरी कोडची. बऱ्याच जुन्या रेडिओंची वीज तुटली की ते चार आकडी कोड मागतात आणि तो भरल्याशिवाय मुके राहतात. हा कोड गाडीच्या कागदपत्रांत एका छोट्या कार्डावर असतो. आधी ते कार्ड शोधा, मग हात लावा.

मी डबी रेडिओमागून ग्लोव्ह बॉक्समध्ये आणली. चेंजरची केबल निळ्या जागेतून काढली आणि नवी लावली. एका संध्याकाळचं काम, आणि एकही तार कापली नाही.

आता कार्डाची गोष्ट, कारण इथे थोडी शिस्त लागते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं घ्यावं आणि एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट करावं. माझ्या डबीला सीडी०१ ते सीडी०६ अशा नावांचे सहा फोल्डर लागतात. रेडिओला त्या सहा चकत्या वाटतात. गाण्यांच्या आकड्याला रेडिओवर दोनच घरं असल्याने एका फोल्डरमध्ये ९९ च्या वर जाऊ नये. गाण्यांच्या नावाआधी इंग्रजी आकड्यांत क्रम घालावा आणि त्याच क्रमाने कॉपी करावी. अशा साध्या डब्या बहुधा नावाप्रमाणे क्रम लावत नाहीत, ज्या क्रमाने फाइल कार्डावर लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात. भजनाच्या कार्यक्रमात आरती मध्येच आणि नांदी शेवटी आली तर कारण हेच. ३२० केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला अडीच एमबीच्या आतबाहेर जागा लागते, म्हणजे १६ जीबीत शंभर तासांवर गाणी मावतात. जुना चेंजर सहा चकत्यांवर जेमतेम आठ तास द्यायचा.

आवाजाबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. लोक सिगारेट लायटरमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर शंभर-दोनशे रुपयांत घेतात. त्याने गाणं रेडिओ लहरींवर जातं आणि तिथून रेडिओत येतं. नागपुरात ९३.५, ९४.३, ९८.३ ही स्टेशनं जोरात लागतात. ट्रान्समीटरची ताकद नखाएवढी, त्यामुळे सीताबर्डीत एक वाजतं, कामठी रोडला दुसरं घुसतं. शिवाय एफएमवरून १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही. झांजा, टाळ, सतारीच्या तारेची किनार तिथे बोथट होते. ऑक्सच्या, म्हणजे हेडफोनसारख्या पिनच्या, तारेवर मोबाइल चार्जिंगला लावून गाणी लावली की इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शिट्टी ऐकू येते, कारण वीज एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने येतो आणि दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या ठिकाणी जुळतं. चेंजरच्या जागी बसलेली डबी वीज, अर्थिंग आणि आवाज, तिन्ही एकाच केबलमधून घेते. माझ्या गाडीत ती शिट्टी नाही. जुन्या स्पीकरांतून खंजिरीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

खंजिरीवरून मूळ मुद्द्यावर येतो. ‘सगळं मोबाइलवर मिळतं, मग सीड्या कशाला,’ असं मला दुकानातही ऐकवलं गेलं. सगळं मिळत नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्टॉलांवरून घेतलेल्या भीमगीतांच्या सीड्या माझ्याकडे आहेत. गायक लहान गावचे, काढणारे छोटे स्टुडिओ, त्यातले कित्येक आता बंद. गुरुकुंज मोझरीहून आणलेली खंजिरीवरची राष्ट्रसंतांची भजनं आहेत. गोंदिया-भंडाऱ्याकडची दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं कोणीतरी मंडपात माइक लावून ध्वनिमुद्रित केलेली आहेत. यातलं बरंचसं मी ॲपवर शोधलं आणि मिळालं नाही. वैदर्भी लोकसंगीताचा मोठा भाग असाच घरोघरच्या सीड्यांवर आणि गाड्यांच्या चेंजरमध्ये पडून आहे. घरी लिहिलेल्या सीड्यांवरचा रंगाचा थर उन्हाने आणि काळाने उडतो. एकदा तो उडाला की ते गाणं गेलं. ज्याच्याकडे अशी सीडी आहे त्याने ती या वर्षी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी. एक प्रत कार्डावर गाडीत ठेवावी, एक घरी.

माझ्या शेजाऱ्यांच्या बाबतीत झालं ते सांगितलंच पाहिजे. त्यांनी मोठी स्क्रीन बसवून घेतली. दुकानात प्लग कापून तारा पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. मे महिन्यात टेपचा डिंक वितळून ती सुटली, दोन तारा एकमेकींना लागल्या आणि फ्यूज उडाला. ते तरी दुरुस्त झालं. पण काढलेला चेंजर दुकानातच राहिला होता, मॅगझिनसकट. त्यात त्यांच्या गावच्या भजनी मंडळाची सीडी होती, पेटीवर त्यांचे वडील. आठवड्याने आठवण होऊन गेले तेव्हा चेंजर भंगारात गेलेला. ती सीडी दुसरीकडे कुठेच नाही.

स्क्रीनबद्दल एकच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात मोबाइल वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. दहा इंची स्क्रीनवर बोट फिरवत गाणं शोधणं हातातल्या मोबाइलपेक्षा कमी धोक्याचं आहे असं मला वाटत नाही. जुन्या रेडिओचं पुढचं गाणं लावायचं बटण मला न पाहता सापडतं. जबलपूर हायवेने पेंचच्या जंगलातून जाताना तर हे फारच जाणवतं. तिथे नेटवर्क येतं-जातं, ॲप अडकतं, आणि नेमकं तिथेच रस्त्यावर नजर हवी असते. कार्डावरच्या गाण्याला नेटवर्क लागत नाही, मध्ये जाहिरात येत नाही, फोन वाजला तरी ते तुटत नाही.

आपल्या पुरवणीला विनंती की पुढच्या अंकात चेंजरच्या जागी डिजिटल प्लेअर बसवण्यावर पान करावं, कोणत्या सॉकेटला कोणती डबी चालते याच्या चित्रांसह. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मुलांना ते नक्की उपयोगी पडेल. पोरं हुशार आहेत, त्यांना अडॅप्टर दाखवणारं कोणी भेटलेलं नाही.

आणि ॲक्सेसरीच्या दुकानदारांना हात जोडून सांगणं : ग्राहकाची गाडी घेताना आधी मॅगझिन बाहेर काढून त्याच्या हातात द्या. ते अडकलं असेल तर वरचे स्क्रू खोला, चकत्या सुटतात. काढलेला रेडिओ आणि चेंजर ग्राहकाने नको म्हटल्याशिवाय ठेवून घेऊ नका, आणि नको म्हटलं तर तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच जाऊ द्या. बिलावर ‘जुना माल परत दिला’ एवढं लिहून ग्राहकाची सही घ्या.

आपला विश्वासू,
एक वाचक
त्रिमूर्ती नगर, नागपूर