तट राखला, घरे रिकामी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाल्यापासून किल्ल्यांच्या जतनाविषयी बरेच लिहिले जाते. पण ती चर्चा बहुधा दगड, चुना आणि तिकीटघर यांच्यापाशीच थांबते. क्रोएशियातील दुब्रोव्हनिक या समुद्रकाठच्या मध्ययुगीन तटबंद शहरात नुकतेच चार दिवस काढले, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले.

तिथला सुमारे १९४० मीटर लांबीचा तट पूर्ण चालून जाता येतो. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कौलारू छपरे. त्यांतली जुनी कौले मळकट पिवळी आणि १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी घरे फुटल्यानंतर घातलेली लालभडक, त्यामुळे मार कुठे बसला ते तटावरूनच कळते. १६६७ च्या भूकंपानंतरही हे शहर असेच पुन्हा बांधले गेले. (आपला सिंधुदुर्ग त्याच वर्षी बांधून पूर्ण झाला, हा निव्वळ योगायोग.) तटाची देखभाल १९५२ मध्ये स्थापन झालेली स्थानिक नागरिकांची संस्था करते, ही गोष्ट तर हेवा वाटावा अशीच आहे.

मात्र तटावरून उतरून मुख्य रस्त्यामागच्या पायऱ्यांच्या बोळांत शिरलो, तर दारोदार आकडे जुळवून उघडायच्या किल्लीच्या डब्या लटकलेल्या. घरे पर्यटकांना भाड्याने दिलेली. एका दाराशी तेवढे वाळत घातलेले कपडे आणि पत्र्याच्या डब्यांत लावलेली रोपे दिसली, तेव्हा इथे कुणीतरी राहते याचे बरे वाटले. आइस्क्रीम पावलोपावली मिळते, भाजी शोधावी लागते. एका वेळी येणाऱ्या प्रवासी जहाजांवर शहराने आता मर्यादा घातली आहे. पण तटाच्या आतली वस्ती तोवर पार रोडावली होती.

सिंधुदुर्गाच्या तटाआड आजही काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. किल्ल्याच्या व्यवस्थापनाचा विचार करताना बुरुजांइतकाच त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा, मुलांच्या शाळेचा आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद झाल्यावर त्यांच्या ये-जा करण्याचाही विचार व्हावा. त्यासाठी होणाऱ्या बैठकांना या कुटुंबांना बोलवावे आणि जो आराखडा ठरेल तो मंजुरीपूर्वी मराठीत त्यांच्या हाती द्यावा, एवढीच विनंती.

— एक वाचक, कुडाळ